अंगी लागणं

उन्हं तापायला लागली आणि गिरिजाला सहा महिने पुरे झाले.
चन्नवीर मंगळवेढ्याहून आला, उष्टावणाला मामा हवाच म्हणून.
पिशवीत माझ्यासाठी मालदांडीचं पीठ.
गिरणीवाल्याला आधी माझी ज्वारी दोनदा फिरवायला लावली, अक्का,
पहिलं पीठ म्हशीला घातलं:
दरवेळी सांगतो, मी विचारलं नाही तरी.

लग्नात मी एकोणचाळीस किलो होते.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासायचे.
सुटलेला दोरा मला चार हातांवरून दिसायचा.
स्वतःच्या आत काय उसवतंय ते दिसलं नाही.
खाल्लेलं हिच्या अंगी लागत नाही, म्हणायचे सगळे.
लोहाच्या गोळ्या झाल्या.
मीठ-मोहऱ्या झाल्या, कुणाची तरी दृष्ट लागलीय म्हणून.
मग अशक्त आहे, दोन चपात्या जास्त वाढा.
प्रेमानं वाढायचे. मी खायचे.
सात वर्षं.

आता ओट्यावर दोन तवे आहेत.
दोन पोळपाट, एकाला लाल दोरा.
सासूबाई त्याला गुलटेन म्हणतात,
एखाद्या भाडेकरूचं नाव घ्यावं तसं:
गुलटेन तिकडं, आपण इकडं.

सात रस्त्याच्या डॉक्टर येमूलांना मी विचारलं,
हिला गहू दाखवलाच नाही तर?
ते म्हणाले, लपवून काय होणार?
सहा महिने ते वर्ष, ह्या काळात कधीही सुरू करा,
थोडं थोडं, एकदम वाटीभर नको.
लवकर दिलं म्हणून टळत नाही,
उशिरा दिलं म्हणूनही नाही.
आणि अंगावरचं दूध?
पाजा की, चांगलंच आहे. पण ह्याला ती ढाल नव्हे.
मग किती भीती धरू, डॉक्टर?
आई तुम्ही, म्हणून साधारण दहात एक. कदाचित त्याहून कमी.

आमच्याकडे दहात एक टॉवेल खराब निघाला
तर अख्खा लॉट परत येतो.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन-तीन वर्षांची झाली की रक्त बघू, ते म्हणाले,
पोट बिघडलं, वजन थांबलं, तर आधीच या.
तोवर खाऊ द्या.
गहू तोडून तपासलं तर रक्त खोटं बोलतं.

हुग्गी जाऊबाईंच्या घरी शिजली.
खपली गहू रात्री भिजवलेला, सकाळी कांडलेला,
गूळ बेतानं, वरून दूध.
वास जिन्यावरूनच आला आणि मला माहेर आठवलं,
जत्रेची पंगत, दोन्ही हातांनी खाणारी मी.
दोष त्या वासात नव्हता कधीच.

चन्नवीरनं मांडी घातली. गिरिजाला घेतलं.
मग मान वर करून माझ्याकडे बघितलं,
तू जरा लांब थांबतीस का, अक्का?
मी उंबऱ्यात थांबले.
माझ्या लेकीचा पहिला घास
मी पाहुण्यासारखा बघितला.

बोटाच्या टोकावर, तांदळाएवढा.
तिनं तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली,
अर्धा बाहेर आला, अर्धा गेला.
मग हाताकडं झेपावली, आणखी द्या म्हणून.
सासूबाई हसल्या, भूक लागलीय बघा कशी.
केवढं काय काय लागतं एका माणसाला.
दृष्ट लागते, भूक लागते, माया लागते,
आणि एखाद्याला साधा गहू लागतो.

तिचे ओठ गव्हानं माखलेले
आणि मला तेवढाच मुका हवा होता, त्या जागेचा.
कपाळाचा घेतला.

चन्नवीरनं दोनदा हात धुतले.
दांडीवरचा टॉवेल ओढून तिचं तोंड पुसलं.
आमच्याच कारखान्याचा, मीच बाजूला काढलेला,
काठाला एक दोरा सुटलाय म्हणून निम्म्या किमतीत मिळाला.
सहा वर्षं झाली.
पुसतो चांगला.